आनंदी देवबाग स्टे

आनंदीच्या तोंडी लागायचं नाही, हे देवबागात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर तिचं घर. तिने आवाज चढवला की दोन्हीकडच्या होड्यांवरची माणसं मान वळवून बघतात, असं लोक म्हणायचे. बाई वाईट नव्हती हो! नवरा रामचंद्र तापाने गेला तेव्हा पोरगी शाळेत जात होती. आनंदीने मासळीची पाटी डोक्यावर घेतली आणि मालवणच्या बाजारात जाऊन बसली. तिथे गोड बोलून कोणाचं पोट भरलंय? गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की ही म्हणायची, "माशे होये तर घे, नाय तर वास घेवन घराक जा." वर्षानुवर्षं असं बोलल्यावर जिभेला दुसरं वळण कुठून लागणार?

पुढे देवबागात पर्यटक यायला लागले. तिची एकुलती एक लेक प्रियांका कुडाळला कॉम्प्युटर शिकून आली होती. तिने पाठच्या दोन खोल्या रंगवून घेतल्या, पावण्यांना राहायला द्यायच्या म्हणून, आणि इंटरनेटवर फुकट जागा देणारा कोणी गाठून तिथे आईच्या घराचं एक पान बनवलं. घराचं नाव ठेवलं 'आनंदी देवबाग स्टे'. तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं धड उमटत नसत. एकाकडे दिसली तर दुसऱ्याकडे नुसते चौकोन. म्हणून पोरीने कागदावर स्वतःच्या हाताने नाव लिहिलं, त्याचा फोटो काढला आणि तो पानावर चिकटवला. त्याच्याखाली आईचा फोटो. आनंदी पडवीत उभी, हातात हातभर सुरमई आणि तोंडावर असा भाव की, घेतलास तर घेवा, नाय तर वाटेक लागा. तो फोटो बघून लोक राहायला येत, आता बोला!

मग प्रियांका नोकरीला पुण्याला गेली आणि तिथे तिने लग्न ठरवलं. मुलगा सोलापूरकडचा, नाव बसवराज. आनंदीला पहिला धक्का तो बसला.

"घाटावरचो?" तिने विचारलं. "बरा. माशे तरी खाता मा?"

"नाय गो आये. अंडासुद्धा नाय."

मासळी विकून वाढवलेली पोरगी मेथीच्या भाजीच्या घरात चालली होती! जातपात, पैसाअडका सगळं तिने एक वेळ गिळलं असतं, पण हे घशाखाली उतरेना. ती लग्नाला गेली नाही. वर फोनवर म्हणाली, "पुन्ना माका फोन करू नको. कागद धाडलंस तर चुलीत घालीन." प्रियांका म्हणाली, "बरा," आणि तिने खरंच फोन केला नाही, कागदही धाडला नाही. हट्टाच्या बाबतीत पोरगी आईवर गेली होती, कणभरही कमी नाही.

आता मेख इथेच होती. पोरगी बोलत नव्हती, पण पान तिच्याच हातात होतं. प्रियांका जाताना जुना कॉम्प्युटर ठेवून गेली होती आणि ते पान कसं उघडायचं एवढंच आईला शिकवून गेली होती. रोज सांजेची दिवाबत्ती झाली की आनंदी त्या कॉम्प्युटरपुढे बसे. टेलिफोनच्या तारेतून तो किर्र, खर्र करून जोडला जाई, मग पान उतरे आणि सुरमईवाला फोटो दिसे. फोटो आहे म्हणजे पोरीने आईला टाकलेलं नाही. एवढंच बघायचं आणि उठायचं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर म्हणाली असती, पावण्यांसाठी बघतंय.

एका सांजेला शेजारची काशीबाई बातमी घेऊन आली. तिचा नातू पुण्यात होता, त्यामुळे पुण्याचं सगळं तिच्याकडे. "आनंदी, तुज्या चेडवाक दिवस गेलेहत गो!"

आनंदी वरून म्हणाली, "माका काय तेचा?" पण आतून हलली. त्या आनंदात की काय, तिने काशीबाईला कधी नव्हे ते कॉम्प्युटरपुढे बसवलं. "बग, माजो फोटो बग." पान उघडलं, सुरमई दिसली, काशीबाईने हनुवटीला हात लावला, आणि तेवढ्यात टुणकन एक लहानशी खिडकी उडी मारून वर आली. तिच्यात एक गोरी बाई. अंगावर म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

"अरे देवा माज्या! आनंदी, ह्या कोण गो? कपडे खंय हिचे?" काशीबाईने डोळ्यांवर पदर घेतला. पदर विरळ होता, ती गोष्ट वेगळी. आनंदीने खिडकी बंद करायला फुलीवर बोट दाबलं, तर एकीच्या दोन झाल्या! तिने खांद्यावरचा टॉवेल पडद्यावर टाकला आणि त्याच्यासमोर हात पसरून उभी राहिली. भर माणसांत आपलीच अब्रू गेल्यासारखं तिला झालं.

फुकट जागा देणारे जाहिराती घुसवतात, हे तिला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी मालवणच्या बाजारापर्यंत गजाल पोचली की प्रियांकाने आवशीच्या पानावर नागडी बाई बसवली.

आनंदीने धाकट्या दिराला बोलावलं. परशुराम टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, शेजारीच राहणारा. त्याच्या मते तार असलेली कुठलीही वस्तू त्याला कळत होती. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट मिळालेली एक सीडी घेऊन तो आला.

"वैनी, काळजी करू नकात. ह्याका प्रॉक्सी म्हणतत. ह्यो कॉम्प्युटराच्या दारार बसता. पान उघडूचा झाला तर आधी ह्येका विचारूचा, आणि भायरसून जा काय येतला ता ह्येच्याच हातातसून. जाहिरात दिसली की अडवता. कोणी तुमची पाळत ठेवूक गेलो तर तेकाय अडवता."

"म्हणजे राखणदार," आनंदी म्हणाली.

"राखणदारच!"

मग राखणदार बसवायचा तर नुसता कसा बसवणार? आनंदीने नारळ आणला. परशुराम एका हाताने मासिकात बघून आकडे टाकत होता, पण गाऱ्हाणं मात्र त्याने उभं राहून, डोळे मिटून घातलं. "बा देवा महाराजा! आज ह्या कॉम्प्युटराच्या दारार राखणदार बसवतंव. जा काय वायट वंगाळ येयत, ता भायरच्या भायर परतून घाल रे महाराजा!"

"होय महाराजा!" आनंदी आणि काशीबाई एका आवाजात म्हणाल्या.

आणि खरंच, पान उघडलं तर सुरमई जागेवर, गोरी बाई गायब. काशीबाई जरा हिरमुसली, पण आनंदीने दिराला दोन वेळचं जेवण घातलं.

पावसाळ्याच्या तोंडावर परशुराम नेहमीप्रमाणे मुंबईला मुलाकडे निघाला. जाण्याआधी मासिकात सांगितल्याप्रमाणे त्याने कॉम्प्युटरची साफसफाई केली. पोटात साठलेली जुनी पानं, जुने फोटो पुसून यंत्र हलकं करून टाकलं आणि गाडीला गेला.

इकडे आनंदीने मनाशी एक ठरवलं होतं. दुपारी दार लोटून ती दुपटी शिवत होती. लग्नातलं हिरवं लुगडं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं, ते फाडून तिने बाळासाठी दुपटी केली होती. टोपडी, लंगोट, सगळा बाळंतविडा तयार होत आला होता. पोरगी बाळंत व्हायच्या वेळेस न विचारता पुण्याला जाऊन दारात उभं राहायचं. काय बोलायचं तेही पाठ करून ठेवलं होतं, "बाळासाठी इलंय. तुज्यासाठी नाय." एवढा मान राखला की झालं. मग आत घेतलं तर घेतलं.

परशुराम गेला त्याच सांजेला तिने पान उघडलं. आणि फोटोच्या जागी काही नव्हतं.

म्हणजे अगदी काही नाही असंही नाही. राखाडी-पांढऱ्या चौकड्यांचा एक तुकडा होता, लुंगीच्या कापडासारखा. वर पोरीच्या हातचं नाव होतं, तिथेही तसलाच तुकडा. आनंदीला वाटलं, पडद्यावर काही चिकटलं. तिने पदराने काच पुसली. बंद करून पुन्हा जोडलं, किर्र खर्र झालं, पान उतरलं, पुन्हा चौकड्याच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

इंग्रजी अक्षरं जागच्या जागी होती, फोन नंबर होता, पावण्यांना लागणारं सगळं होतं. फक्त आईला उचलून टाकलं होतं. आणि कारण तिला लख्ख दिसत होतं. बाजारातली ती नागड्या बाईची गजाल पुण्याला पोचली असणार, आईच आपली बदनामी करते असं पोरीला वाटलं असणार. "माका पुसल्यान," ती भिंतीकडे बघून म्हणाली. "माज्या पोरीन माका पुसल्यान." पोटातून ओरडावं असं वाटत होतं आणि तोंडातून आवाज फुटत नव्हता. आनंदीच्या तोंडातून! तिला स्वतःचंच नवल वाटलं.

आवाज दुसऱ्या सकाळी फुटला. काशीबाईच्या गावातल्या थोरल्या नातसुनेला नुकताच मुलगा झाला होता. आनंदी सगळा बाळंतविडा काखोटीला मारून तिच्या पडवीत गेली आणि तो तिच्यापुढे टाकला.

"घे. तुज्या पणतवाक."

"अगो, पण ह्या तर प्रियांकाच्या..."

"माका चेडू नाय," आनंदी म्हणाली. "आणि तेचा नाव माज्यासमोर काढशीत तर माज्या गळ्याची शपथ आसा तुका. बरा नाय, वायट नाय, काय एक सांगा नको."

शपथ म्हणजे शपथ. सगळ्या वाडीत तो निरोप गेला आणि प्रियांकाचं नाव आनंदीच्या कानावर पडायचं बंद झालं. तिने कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकली आणि तिकडे बघणं सोडलं. पावसात पावणे नसतात, त्यामुळे घरात एक शब्दही कोणाशी बोलायचा नव्हता. कधी फोन वाजला तर ती धावत जाई, आणि पलीकडून कोणी खोलीचा भाव विचारला की त्याच्यावर अशी खेकसायची की तो बिचारा गणपतीपुळ्याला जायचं ठरवत असेल.

गणपतीला परशुराम मुंबईहून आला. सण आटपत आला तशी त्याला परतीच्या तिकिटाची चिंता लागली. घरबसल्या कॉम्प्युटरवर तिकीट मिळतं असं मुलाने त्याला शिकवून धाडलं होतं. त्याने चादर काढली, जोडणी केली आणि तिकिटाचं पान उघडलं. नाव घातलं, खूणशब्द घातला, तर ते त्याला आत घेई आणि लगेच बाहेर ढकली. पुन्हा नाव, पुन्हा बाहेर. बऱ्याच वेळाने त्याच्या डोक्यात आलं की हा राखणदाराचाच प्रताप. ओळख पटवायला तिकीटवाले जी चिठ्ठी धाडत होते, तीच हा पाळत समजून फाडून टाकत होता.

"मगे चल भायर!" असं म्हणून परशुरामने राखणदार कॉम्प्युटरवरून काढून टाकला.

आणि कॉम्प्युटर मेला. म्हणजे यंत्र चालू, तार जोडलेली, पण पान म्हणून एक उघडेना. तिकिटाचं नाही, बातम्यांचं नाही, काहीच नाही. "आवशीचो घो!" परशुराम ओरडला. "वैनी, इंटरनेटच पुसला गेला!"

आनंदी आत आडाळ्यावर नारळ खवत होती. "घाला खाडीत तेका," ती आतूनच म्हणाली. "राखणदाराक गाऱ्हाणा घालून बसवलास, आणि उठवताना नारळ तरी ठेवलास? शिरा पडली त्या कॉम्प्युटरार."

हे ऐकून बसवताना आपण काय काय केलं होतं ते परशुरामला आठवायला लागलं. नारळ सोडा. बसवताना कॉम्प्युटरला एका चौकटीत आकडे टाकून सांगितलं होतं की यापुढे जे मागायचं ते याच्याकडूनच माग. राखणदार तर गेला, पण हे कॉम्प्युटरला कोणी सांगितलंच नव्हतं! तो बिचारा अजून रिकाम्या चौकीवरच हाका मारत उभा होता. परशुरामने ती चौकट शोधली, खूण काढली, आकडे पुसले. खात्री करायला घरातलंच पान उघडलं, वहिनीचं.

"वैनी, हय येवा."

"माका बघूचा नाय ता पान."

"येवा म्हणतंय ना!" त्याचा आवाज असा काही फाटला की ती खोबऱ्याचे हात घेऊन तशीच बाहेर आली.

टेलिफोनच्या तारेतून फोटो हळूहळू येई, वरून खाली, पट्टी पट्टी करून. आधी पोरीच्या हातचं नाव आलं. मग घराची कौलं आली. मग आनंदीचे केस, कपाळ, तो कोणाला न जुमानणारा चेहरा आणि शेवटी सुरमई, शेपटीसकट. सगळं जिथल्या तिथे.

"ह्यो... ह्यो पुन्ना लावल्यान?"

"पुन्ना नाय वैनी. काढूकच नाय होतो." परशुरामने पानाचा पत्ता वाचला आणि कपाळावर हात मारला. "चेडवान फोटो ठेवूक कपाट केल्यान हा. तेका नाव काय दिल्यान? आनंदी, देवबाग, स्टे. इंग्रजीत ए, डी, एस. ॲड्स! राखणदार म्हणालो, जाहिरातींचा कपाट दिसता, अडवा ह्येका. मी असताना दिसलो तो जुनो साठवलेलो फोटो, जाताना तोच मिया पुसलंय. वैनी, ह्या मेल्यान तुमकाच जाहिरात समजल्यान!"

आनंदीने खोबऱ्याचं बोट फोटोवर टेकवलं. आणि फोटो अजून संपले नव्हते. सुरमईच्या खाली आणखी एक उतरायला लागला. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, फुलांच्या वाडीने जड झालेलं डोकं, पोट पुढे आलेली प्रियांका. एवढं पान पर्यटकांचं, त्यावर पोरीने स्वतःचं डोहाळजेवण लावलं होतं! कोणी बघावं म्हणून? फोन नको म्हटलं होतं, कागद नको म्हटलं होतं. पानाला कोणी नको म्हटलं नव्हतं.

त्याच्याही खाली पट्टी पट्टीने एक बाळ आलं. आधी जावळ, मग कपाळावरच्या आठ्या, मग तोंड. घेतलास तर घेवा, नाय तर वाटेक लागा, असं तोंड. परशुराम हसायला लागला आणि वहिनीकडे बघून थांबला. बाळाच्या खाली कागदाचा फोटो होता, नावाच्या फोटोसारखाच, प्रियांकाच्या हातचा. आनंदीने तो बोटाने ओळ धरून वाचला.

'आये, चेडू झाला. नाव ठेवूक नाय. तू येशीत तेवा ठेवया.'

"केवा झाला ह्या?" आनंदीने विचारलं. "श्रावणात," परशुराम म्हणाला. वाडीत सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही आल्याआल्या कळलं होतं, आणि शपथेपायी प्रत्येक जण तोंड दाबून मोदक खाऊन गेला होता. आणि तिकडे बाराव्या दिवशी बारसं व्हायचं ते झालं नव्हतं. पोर अजून बिननावाची होती. आणि हिने काय केलं होतं? तिची दुपटी दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकली होती.

"फोन लावा," ती म्हणाली.

"नेट तोडल्याशिवाय फोन लागूचो नाय."

"मगे फोटो जायत!"

"जायत नाय, वैनी. एकदा इलेलो फोटो जाणा नाय."

फोन लागला. उचलला बसवराजने. ज्याचं नाव या घरात घ्यायचं नाही असं ठरलं होतं, तो पलीकडून म्हणाला, "हॅलो? कोण बोलतंय?" आनंदीच्या घशातून नुसता श्वास गेला. त्यानेच ओळखलं. "आई, तुमीच हाय न्हवं?"

आणि आनंदीने जावयाला जन्मातला पहिला शब्द ऐकवला. "दुपटा नाय माज्याकडे."

"काय म्हनलात?"

"ऐकूक येणा नाय काय तुका? दुपटा! शिवलेला होता, देवन टाकलंय. मोकळ्या हातान कशी येव?" एवढं ओरडून ती तिथेच खाली बसली आणि हमसाहमशी रडायला लागली. पलीकडे काही खुडबुड झाली, मग लांबून बाळाचं रडणं ऐकू आलं आणि अगदी जवळून, "आये."

"गो."

"मोकळ्या हातान ये."

"काय म्हणान हाक मारतास तिका?"

"काय नाय. नुसता 'ए' म्हणतंव."

आनंदीने फोन ठेवला. परशुराम तिकिटाचं काही तरी सांगत होता, ते तिला ऐकूच गेलं नाही. ती तशीच, हाताला खोबरं लागलेलं, अनवाणी काशीबाईच्या पडवीत गेली. दिलेलं परत मागायचं, तेही बाळंतविडा! देवबागात असं कोणी केलं नव्हतं. पाळण्यात काशीबाईचा पणतू झोपला होता, त्याच हिरव्या दुपट्यावर. आनंदीने तोंड उघडलं. पुन्हा काहीच बाहेर येईना.

काशीबाईने तिच्याकडे बघितलं, पाळण्याकडे बघितलं. "सांगतलंय असतंय गो," ती म्हणाली. "तूच शपथ घातलंस." मग तिने पोराला एका हाताने उचललं, दुसऱ्या हाताने खालचं दुपटं ओढून काढलं आणि आनंदीच्या हातात दिलं. पोर रडायला लागलं.

"भिजवल्यान हा मेल्यान," काशीबाई म्हणाली. "दी हय, धुवन वाळवन देतंय."

"नको," आनंदी म्हणाली. "पुण्याक धुतंय."